गंजलेल्या पत्र्याचा सांधा
कोल्हापूरच्या पावसांत वर्षानुवर्षें उघड्यावर राहिलेली मोटार वरून चकचकीत दिसली, तरी तिचा तळपत्रा पोखरलेला असूं शकतो. तो घरींच सांधूं म्हणणाऱ्या हौशी गृहस्थाची पहिली फसगत शिवाजी उद्यमनगरांत यंत्र घेतांनाच होते. साधें आर्क यंत्र स्वस्त, म्हणून तो तेंच उचलतो. फाटकाच्या गजांना तें उत्तम. पण मोटारीचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनहि पातळ, त्याला भोंकच पडतें. गॅसच्या ज्योतीनें आंच पसरून पत्रा वांकतो. म्हणून कारागीर ज्यास ‘सीओटू’ म्हणतात, तें तारेचें यंत्र घ्यावें, तार ०.६ मिलिमीटरची.

हात प्रथम रद्दी पत्र्यावर बसवावा. गंज रंगाखालीं झांकूं नये; स्वच्छ लोखंड लागेपर्यंत तो कापूनच काढावा. ठिगळ बसवितांना सलग रेघ न ओढतां, गोधडीला आधीं धावदोरा घालावा तसे दूरदूर टांके घालावे व मधें पत्रा निवूं द्यावा. बॅटरीची तार आधींच सोडावी. पेट्रोलच्या टांकीजवळ ठिणगी नको. चाकांचा भार वाहणारा सांगाडा मात्र जाणत्या कारागिराकडेच न्यावा. नवशिक्याचा टांका वरून देखणा असतो, पण आंत मुरलेला नसतो. आणि तो सुटतो तेव्हां गाडी आंबा घाटाच्या वळणावर असूं शकते.