अर्धा नळ बदलून भागणार नाही
(कॉलनीच्या सभेतील भाषण)



पगार, पेन्शन, बदल्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही घरातल्या नळावर बोलणार आहोत. विषय किरकोळ नाही, आपल्या मुलाबाळांच्या तब्येतीचा आहे.

शिशाचा नळ वाकवायला सोपा आणि टिकाऊ, म्हणून जुन्या काळी तो अनेक देशांत घरोघरी बसला. 'प्लंबर' हा शब्दही शिशाच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. पण हे शिसे पाण्यात उतरते. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. त्याने मुलांची बुद्धी खुंटते, मोठ्यांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. पाणी उकळूनही ते जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते.

अमेरिकेतील फ्लिंट हे मोटार कामगारांचे, १९३६-३७ च्या गाजलेल्या बैठ्या संपाचे गाव. २०१४ साली तेथे खर्च वाचवण्यासाठी नदीचे पाणी सुरू केले आणि नळ झिजू नयेत म्हणून घालायचे औषध घातलेच नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात आले. लोक ओरडत होते, अधिकारी 'पाणी चांगले आहे' म्हणत होते. जानेवारी २०१६ मध्ये प्लंबरांच्या युनियनचे सुमारे ३०० सभासद एका शनिवारी जमले आणि त्यांनी घरोघरी फुकट तोट्या व फिल्टर बसवून दिले. कामगारांनी कामगारांची लाज राखली. पण फिल्टर ही मलमपट्टी झाली; खरा इलाज नळ बदलणे हाच.

तोही पुरता बदलला पाहिजे. रस्त्यावरच्या मुख्य नळापासून स्वयंपाकघरातल्या तोटीपर्यंत. अर्धाच कापून नवा जोडला, तर आतला थर हलतो आणि काही काळ पाण्यातले शिसे उलट वाढते.

आपल्या क्वार्टरांत बहुतेक जस्ती नळ आहेत. तरीही इमारत ब्रिटिश काळातली असेल, तर एकदा तपासून घ्या. नळ नाण्याने खरवडा. मऊ लागला, चांदीसारखा चकाकला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर शिशाचा संशय धरा. पाण्याची तपासणी मागा. आपल्या देशाच्या मानकात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. नळ बदलेपर्यंत सकाळचे पहिले पाणी पिऊ नका. ते धुण्याभांड्याला वापरा.

एकट्याने दिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. म्हणून आम्ही सुचवतो की प्रत्येक ब्लॉकने यादी करावी, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि शाखेमार्फत एकच अर्ज द्यावा. रेल्वेवाल्यांनी तो वर्क्स खात्याकडे द्यावा, टपालवाल्यांनी सिव्हिल विंगकडे. पोच घ्यायला विसरू नका. 'तूर्त अर्धे काम करतो' असे उत्तर आले, तर ते मान्य करू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!