रिपोर्ट कुणाकुणाच्या हातात जातो?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोल’ असं सांगितलं. मी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर बोलणार आहे. आपल्या बॅचमध्ये चार डॉक्टर आहेत, दोघांच्या पॅथॉलॉजी लॅब आहेत आणि उरलेले आपण सगळे चाळिशी ओलांडून पेशंटांच्या रांगेत लागलो आहोत.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. लोक मनातलं बोलायचे आणि थेरपिस्ट ते टिपून ठेवायचे. या नोंदींचा डेटाबेस पुरेशा संरक्षणाशिवाय इंटरनेटला जोडलेला होता. तो चोरीला गेला. २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, मग रोज काही पेशंटांच्या नोंदी उघड करायला सुरुवात केली. त्यानंतर त्याने थेट पेशंटांनाच ई-मेल पाठवले: २०० युरो द्या, नाहीतर तुमचं सगळं जगासमोर येईल. विचार करा, नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट थेरपिस्टला सांगितलेली, आणि ती तिसऱ्याच माणसाच्या हातात. हजारो लोक यात सापडले. पुढे कंपनीचं दिवाळं निघालं, गुन्हेगाराला २०२४ मध्ये शिक्षाही झाली. पण त्या नोंदी परत कशा घेणार? एटीएमचा पिन बदलता येतो. आजाराचा इतिहास बदलता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दिल्लीचं एम्स. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथले सर्व्हर बंद पडले. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला होता. ओपीडीची नोंदणी, तपासण्या, बिलं असं सगळं जवळजवळ दोन आठवडे कागदावर चाललं. नेटवर्कची नीट विभागणी नव्हती, हे कारण सरकारने संसदेत दिलं. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा एकदा उघडला की आत एकाही खोलीला कडी नाही.

एम्सचं असं, तर तालुक्याच्या दवाखान्याचं काय? रिसेप्शन, नर्स, कंपाउंडर, सगळ्यांचा पासवर्ड एकच, आणि तो मॉनिटरला चिकटवलेला. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यात सोय आहे, हे मला मान्य आहे. माझ्या आईचे रिपोर्टही मला तसेच येतात. पण लॅबचा तो फोन संध्याकाळी कुणाच्या खिशात घरी जातो, हे विचारायला हवं. काउंटरवर आधारची झेरॉक्स मागितली तर ‘कशाला?’ एवढं विचारायचा संकोच आपल्याला का वाटतो, मला कळत नाही. शाळेत तर आपण बाईंनाही प्रश्न विचारायचो!

२०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा, अधिक संवेदनशील असा वर्ग केलेला नाही. माझ्या मते ही उणीव आहे. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि किराणा दुकानातला मोबाइल नंबर एकाच मापाने मोजू नयेत.

डॉक्टर मित्रांनो, महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी दोन कामं करा. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करा. दुसरं बॅकअपचं. तो त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या डिस्कवर असेल तर हल्ल्यात तोही जातो; एक प्रत काढून वेगळी ठेवा.

लॅबवाल्या दोघांनी जेवणानंतर मला गाठा. बॅकअपमधून डेटा परत उघडून शेवटचा कधी पाहिला होता, तेवढं आठवून या.