कुठली रांग, मंडळी?



मागच्या महिन्यात आमच्याकडे पंधरा-वीस जण जेवायला होते. जेवणं उरकली आणि बोलता बोलता विषय मेक्सिकोच्या सीमेवर गेला. कुणीतरी म्हणालं, "आपण रांगेत उभे राहून आलो. यांनी रांग मोडली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हातातल्या वाटीत स्ट्रॉबेरी घातलेलं श्रीखंड होतं. स्ट्रॉबेरी इथलीच, वॉटसनव्हिलच्या शेतातली. ती कुणी खुडली असेल, हा विचार मला रात्री भांडी आवरताना आला.

मग मी ती रांग शोधायला बसलो.

आपली आधी पाहू. १९४६ च्या कायद्यानं भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा मिळाला. होय, अख्ख्या देशाला शंभर! मेक्सिकोला तेव्हा संख्येची मर्यादाच नव्हती. उलट युद्धात माणसं कमी पडली म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोशी करार करून मजूर बोलावले. त्यांना म्हणायचे ब्रासेरो. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. २२ वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस अनेकदा यायचा, हंगाम संपला की घरी जायचा.

फार सुखाचं होतं असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापून घेत, मायदेशी गेल्यावर मिळतील म्हणत. अनेकांना ते कधीच मिळाले नाहीत. आखूड दांड्याच्या कुदळीनं दिवसभर वाकून खणायचं. कॅलिफोर्नियात ती कुदळ बंद व्हायला १९७५ उजाडलं. अशा पिळवणुकीमुळेच कामगार संघटना योजनेच्या विरोधात गेल्या आणि १९६४ च्या अखेरीस ती बंद झाली.

पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. आपण सगळे ज्याच्या दारातून आत आलो तोच, १९६५ चा. भारताचा शंभराचा कोटा गेला, मर्यादा २०,००० झाली. आणि त्याच कायद्यानं अमेरिका खंडातल्या देशांवर पहिल्यांदा संख्येची मर्यादा घातली. १९७६ मध्ये मेक्सिकोलाही तेच २०,००० लागू झाले. आपलं दार उघडलं त्याच कागदानं त्यांचं अरुंद केलं. शेतं मात्र तिथेच होती, मालक तेच होते, आणि दर वर्षी येणारे हातही तेच. फक्त आता ते बेकायदेशीर ठरले.

तरीही माणसं येत-जात राहिली. १९९३-९४ मध्ये एल पासो आणि सॅन डिएगोला पहारा कडक झाला, तेव्हा उलटंच घडलं. बीडच्या ऊसतोड कामगारांचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, उन्हाळ्यात गावी परततात, कारण पुढच्या हंगामात पुन्हा जाता येणार हे ठाऊक असतं. समजा उद्या जिल्ह्याच्या हद्दीवर बंदूकधारी उभे केले आणि ओलांडायला वर्षाची कमाई दलालाला द्यावी लागली, तर एकदा पोहोचलेला माणूस परत जाईल का? तिथेच खोपी टाकून राहील. कॅलिफोर्नियात तेच झालं. अडवायला उभारलेल्या कुंपणानं माणसं आतच अडकली.

आज गावाकडच्या एखाद्या मेक्सिकन तरुणाला रांगेत उभं राहायचं असेल तर? भाऊ अमेरिकन नागरिक असेल तर वीस वर्षांहून जास्त थांबायचं. कुणी नसेल, तर अकुशल मजुरांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं. राहिला एच-टू-ए हा हंगामी व्हिसा. त्याला संख्येची मर्यादा नाही, पण तो एकाच मालकाशी बांधलेला असतो आणि वीस हंगाम राबलं तरी त्यातून ग्रीन कार्डाकडे वाट जात नाही. एच-वन-बीवर मालकाच्या धाकात वर्षं काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याला निदान नोकरी बदलता येते.

नियमच नकोत, असं माझं म्हणणं नाही. १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीनं सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, पण पुढे कायदेशीर येण्याची पुरेशी सोय केली नाही, म्हणून प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१३ चं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं, प्रतिनिधीगृहानं मतदानच घेतलं नाही. शेतमजुरांना ग्रीन कार्डाची वाट देणारं विधेयक प्रतिनिधीगृहानं २०१९ आणि २०२१ मध्ये दोनदा मंजूर केलं, तर ते सिनेटमध्ये अडलं.

आपल्यातले कितीतरी जण ग्रीन कार्डाच्या देशनिहाय सात टक्क्यांच्या मर्यादेसाठी आपल्या खासदारांच्या कचेरीत फोन करतात. मीही करतो. ती सात टक्क्यांची मर्यादा मेक्सिकोलाही आहे. पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा शेतमजुरांच्या विधेयकाचं काय झालं, तेही विचारा. दोन मिनिटं जास्त लागतील. मी मागच्या मंगळवारी विचारलं. पलीकडची मुलगी जरा गोंधळली, मग म्हणाली, "लिहून घेते."

येत्या रविवारी याच वेळी भेटू. नमस्कार.