माळढोक आणि माळावरची माणसे



पक्ष्यावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, याचे आपल्याला नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात. पण माळढोकाशी माझी ओळख पुस्तकात झाली नाही, भांडणात झाली.

१९७९ साली सोलापूर आणि आपला नगर जिल्हा मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आपले कर्जत, श्रीगोंदे, नेवासे हे तालुके त्यात आले. शेते, गावे, बाजारपेठा, सगळे आत! जमीन विकायला अडचण, धंदा काढायला अडचण. 'माणूस मोठा की पाखरू?' असे मीही पुढे सभांतून गरजलो. टाळ्या पुष्कळ पडल्या.

पाखराविषयी वाचले ते नंतर. नावात ढोक असला तरी पाणथळीतल्या ढोकाशी याचे नाते नाही. आफ्रिकेतला कोरी हा याचा भाऊबंद. उंची मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. टोळ, भुंगे, सरडे, बोरे, भुईमूग, जे मिळेल ते खातो. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. कुत्रे आले, नांगर फिरला, की ते अंडे गेले. शिवाय समोरचे त्याला नीट दिसत नाही. विजेची तार दिसते तेव्हा ते धूड वळवायला वेळ उरलेला नसतो.

त्याला हवा गवताळ माळ, दप्तरात ज्याला 'पडीक' म्हणतात तो. तोच धनगराच्या मेंढरांना हवा! हे मला सभेत सुचले नव्हते. जमिनीचे व्यवहार अडले म्हणून आम्ही ओरडलो; कालव्याचे पाणी येऊन माळावर ऊस उभा राहिला, तेव्हा गप्प राहिलो. त्याच उसावर चालणाऱ्या मजुरीसाठी मी लढत होतो, हेही सांगितले पाहिजे.

पुढे अभयारण्य घटून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर उरले. आज देशभरात मोकळ्या रानात माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास, आणि आहेत ते बहुतेक राजस्थानात. तेथे २०१९ पासून अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवतात.

कर्जतकडच्या एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले, बाबा, माळढोक पाहिलात का? त्यांनी काठी समोरच्या उसाच्या फडाकडे केली. "तिथं घुमायचा," म्हणाले. "आता आमचा वाडाबी तिथं बसत न्हाई."