तारांची मोट आणि शेजाऱ्याची ओळख

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत रक्ताची तपासणी होते आणि तिचा अहवाल दुसऱ्या मजल्यावरील डॉक्टरांच्या पडद्यावर क्षणांत उमटतो. मधल्या वाटेवर स्विच नांवाच्या पेट्या असतात, हें रुग्णाच्या ध्यानींमनींही नसतें. प्रत्येक पेटींत अनेक तारा येऊन मिळतात. आलेला संदेश योग्य तारेवर घालणें हें तिचें काम.

दोन स्विचांमध्यें एकच तार असली व ती तुटली, तर वाट बंद पडते. दोन तारा घातल्या, तर संदेश त्यांतून गोल फिरत राहण्याचा धोका. हा फेरा टाळण्यासाठीं राडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालीं स्पॅनिंग ट्री ही पद्धत बसविली. तींत एक तार चालू राहते व दुसरी प्रसंग पडेपर्यंत बंद ठेवली जाते. म्हणजे खर्च दोन तारांचा आणि काम एकीचें!

२००० सालीं मान्य झालेल्या प्रमाणानें यावर तोड काढली. त्यानुसार अनेक तारांची मोट बांधून ती एकच तार मानली जाते. चारांपैकीं एक तुटली तरी उरलेल्या तीन भार वाहतात. मात्र संदेशाचे तुकडे मागेंपुढें होऊं नयेत म्हणून एक संभाषण सबंध एकाच तारेवरून जातें. त्यामुळें एकट्याला चौपट वेग लाभत नाहीं. अनेकांची गर्दी तेवढी विभागली जाते.

एका टोकानें मोट मानली आणि दुसऱ्यानें मानली नाहीं, तर संदेश हरवतात किंवा पुन्हां फेऱ्यांत सांपडतात. म्हणून एल.ए.सी.पी. या नियमानुसार दोन्ही टोकें दर सेकंदास अथवा दर तीस सेकंदांनीं परस्परांस आपली ओळख कळवितात. तीन पाळ्या निरोप आला नाहीं, कीं ती तार मोटेंतून वगळली जाते.

दुसरा नियम एल.एल.डी.पी. हा २००५ सालचा. त्याप्रमाणें स्विच सामान्यतः दर तीस सेकंदांनीं आपलें नांव व आपण कोणत्या दारांतून बोलत आहों तें लगतच्या शेजाऱ्यास सांगतो. सुमारें दोन मिनिटें नवी वार्ता आली नाहीं, तर शेजारी जुनी नोंद पुसून टाकतो. या नोंदी जुळविल्या म्हणजे इमारतींतील जोडण्यांचा खरा नकाशा हातीं येतो. ऐकणारा कोण याची पारख मात्र हा नियम करीत नाहीं. म्हणून परक्यांचीं यंत्रें जोडलीं जाण्याजोग्या दारांवर ही वार्ता बंद ठेवणें इष्ट.

अशा नकाशाचें मोल एका घटनेवरून कळेल. २००२ सालच्या नोव्हेंबरांत बॉस्टन येथील बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचें जाळें वारंवार कोलमडलें. वर्षानुवर्षें वाढत गेलेला स्विचांचा पसारा स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर गेला होता. सुमारें चार दिवस तेथील डॉक्टरांना व परिचारिकांना कागदावर कामें करावीं लागलीं.

म्हणून नवी तार जोडणाऱ्यानें दिवा लागला एवढ्यावर समाधान मानूं नये. पलीकडे कोण आहे, आणि ही जोडणी त्यालाही मान्य आहे काय, हें दोन्ही टोकांस विचारून घ्यावें.