घरकुलाची यादी आणि चाळीस मजल्यांचा मनोरा



मुंबईच्या गगनचुंबी इमारतींची चर्चा तीर्थपुरीत कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु गावात प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल मंजूर होते तेव्हा काय घडते, ते आठवून पाहावे. केंद्राच्या योजनेतील १ लाख २० हजार रुपये कोणाला मिळणार, ती यादी ग्रामसभेपुढे येते. एखादे नाव खटकले तर कोणीही उठून विचारू शकतो. मुंबईच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांपैकी अनेकांनाही शासनाचे अनुदान मिळते. मात्र ते रुपयांत नसते, म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाही. त्याचे नाव वाढीव चटईक्षेत्र.

१९९१ च्या नियमावलीत मुंबई शहरासाठी मूळ निर्देशांक १.३३ होता, म्हणजे हजार चौरस फुटांच्या भूखंडावर १३३० चौरस फूट बांधकाम. त्याहून अधिक बांधण्याची मुभा म्हणजे आकाशात निर्माण केलेली नवी जमीन! १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाचा सारा डोलारा याच जमिनीवर उभा आहे. विकासकाने झोपडीधारकाला विनामूल्य घर द्यायचे आणि वाढीव क्षेत्र बाजारभावाने विकायचे. तिजोरीतून छदामही जात नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. ते अर्धेच खरे. विनामूल्य घराचा खर्च विक्रीच्या सदनिकांवर चढतो, आणि वाढलेल्या वस्तीचे पाणी, गटारे, रस्ते महापालिकेच्या माथी येतात. शिवाय हे गणित चढ्या भावातच जुळते. बाजार उतरला की काम थांबते आणि मूळ रहिवासी संक्रमण शिबिरात अडकून पडतात. या व्यवहारात नोकरदार मध्यमवर्गाला जागाच नाही. तो झोपडीधारक नाही आणि कोट्यधीशही नाही. म्हणून तो विरार-बदलापूरची गाडी पकडतो.

गिरणगावात तर सार्वजनिक वाटाच आटला. बंद गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा व मालक असे तीन वाटे १९९१ मध्ये ठरले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. १९८२ च्या संपात होरपळलेल्या कामगारांच्या डोळ्यांदेखत तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले.

बीडीडी चाळींचा मार्ग वेगळा आहे. १९२० च्या दशकातील १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी तेथे ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत, आणि विकासक खासगी नसून म्हाडा आहे. विक्रीच्या सदनिकांतून खर्च भरून निघाला तर लाभ सार्वजनिक, न निघाला तर तोटाही सार्वजनिक. म्हणूनच त्या विक्रीचा हिशेब घरकुलाच्या यादीसारखा उघड हवा.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. तेथे चाळिसाव्या मजल्यापर्यंत पाणी चढवायचे आहे, लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणा वर्षानुवर्षे चालू ठेवायची आहे. चाळीत नाममात्र भाडे भरणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या दारात हा मासिक खर्च येईल, तेव्हा तो कोणी भरायचा?