विश्वासू भाडेकरू म्हणजे कोण?

(एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यभराची शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घालून दुसरे घर घेतले आहे. ते आता भाड्याने द्यायचे, तर माणूस कसा पारखावा, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले. मी कायदेपंडित नव्हे. माझे बालपण चाळीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेले आणि साठी उलटल्यावर मी घरमालक झालो. दोन्ही बाजूंचा अनुभव, एवढीच माझी पात्रता.

घरमालकाची भीती सर्वस्वी निराधार नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने असंख्य गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. त्याचबरोबर भाडी गोठली, पागडी बोकाळली आणि दुरुस्तीवाचून इमारती खचत गेल्या. पुढे परवाना करारावर, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’वर घरे देण्याची वाट निघाली. तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. ‘एकदा आत आलेला बाहेर निघत नाही’ ही धास्ती मध्यमवर्गाच्या मनात बसली ती अशा अनुभवांतून. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्याला इतर कारणे आहेतच. परंतु त्यांतली काही कुलुपे या धास्तीचीही आहेत.

आज मात्र कायदा तो राहिलेला नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या २४ व्या कलमानुसार परवान्याची मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. पण ५५ वे कलमही वाचा. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून रूढ झाला. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरून चालतात. ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर पडते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

आता माणसाची पारख. माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. नोकरी वा धंदा कोणता आणि भाडे त्या उत्पन्नाला पेलेल का? साधारण तिसऱ्या हिश्शाहून भाडे जास्त असेल, तर सज्जन माणूसही थकबाकीदार होतो. आधीच्या घरमालकाचे मत काय? शक्य तर त्याला स्वतः भेटावे. घर सोडण्याचे कारण तो सरळ सांगतो का? आणि करारातल्या अटी वाचून शंका विचारतो का? जो काहीही न वाचता सही करतो, त्याला त्या अटी पाळायच्या असतीलच असे नाही. ओळखीचे कागद तपासावेत आणि पोलिस ठाण्याला माहिती द्यावी.

या यादीत आडनाव नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

मी घर प्रथम द्यायला काढले, तेव्हा मध्यस्थाने विचारले, “काका, कोण कोण चालणार नाही, तेवढे आधी सांगा.” मी तोंडाने कोणाचे नाव घेतले नाही, पण एक तरुण शिक्षक घर पाहून गेला, त्याचे आडनाव ऐकले आणि ‘घरात विचारून कळवतो’ म्हणालो. कळवले नाही. घर दिले ते ‘आपल्यातल्या’ गृहस्थाला. त्याने पाच महिन्यांचे भाडे थकवले. आपली माणसे वाईट असतात, हा त्याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, आडनाव विचारले आणि चौकशी झाली, असे मी समजलो. उत्पन्न विचारले नाही, आधीच्या मालकाकडे गेलो नाही. पूर्वग्रहाने त्या शिक्षकावर अन्याय केला, आणि खरे प्रश्न विचारण्याची माझी बुद्धीही हिरावून घेतली.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. विद्या, पद, पगार, कोणत्याही कसोटीला उतरणारा भाडेकरू. त्यांना त्या शहरात खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. राज्यघटनेने पुढे दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी केली. आपल्या खासगी घराचा उंबरठा त्या यादीत नाही. तिथे आपली सदसद्विवेकबुद्धी हीच घटना.

आणि विश्वास एकतर्फी नसतो. भाड्याची पावती द्यावी, गळके छप्पर वेळेवर दुरुस्त करावे, जाताना अनामत रक्कम खोट्या कपातीवाचून परत करावी. भाडेकरूही घरमालकाची पारख करीतच असतो.

तो शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. मध्यस्थ मात्र पुढल्या वेळीही तोच प्रश्न घेऊन आला. मी म्हटले, “यादी काही नाही. जो येईल त्याला घेऊन या, मी त्याच्याशी बोलतो.” आपल्यालाही तो प्रश्न विचारला जाईल. उत्तर आजच ठरवून ठेवा, एवढीच विनंती.